घासलेला साचा

सासऱ्यांनी उभा जन्म पान्यावर काढला होता. वीज उपकेंद्राच्या आवारात जमिनीखाली तांब्याच्या पट्ट्यांचं जाळं असतं. बिघाडाची वीज त्यातून मुकाट्यानं मातीत उतरते. त्या पट्ट्यांचे सांधे ते नट-बोल्टनं आवळत आले होते. आता बदली होऊन सासुरवाडीलाच मुक्कामाला आलेल्या जावयानं नवं खूळ आणलं होतं: काळ्या साच्यात पावडर पेटवायची, तांबं वितळून दोन्ही टोकं एकजीव. आज त्याचा इथला पहिला सांधा पाहून उपकेंद्राच्या इंजिनिअर मॅडम ठरवणार होत्या, जाळं कुणी जोडायचं.

जावयानं साचा नेहमीसारखा बर्नरवर जरा फिरवला, पट्ट्या बसवल्या, पावडर पेटवली. भसकन जाळ उठला, साचा फुरफुरला, ठिणग्या पार खड्ड्याबाहेर उडाल्या. साचा उघडला तर सांध्याला ही भोकं!

"जावईबापू, याला सांधा म्हणायचं की चाळण?" सासरे खुशीत म्हणाले. "माझा पाना आणू?"

"मामा, थट्टा नको. साच्यात ओल होती. वाफ अडकली की अशीच भोकं पडतात. पण ओल येणार कुठून? घरात फडताळात तर होता!"

सासऱ्यांचं हसू मावळलं. सकाळी बायको मोरीत काहीतरी काळंकुट्ट खसाखसा घासत होती. "किती मळवलंय जावयांनी," असंही म्हणाली होती. तेव्हा ते चहात दंग होते.

मॅडम म्हणाल्या, "मग बोल्टच वापरू. जोखीम नको."

आता नुसतं गप्प बसलं की झालं. सासऱ्यांनी पान्याकडे पाहिलं, मग जावयाच्या उतरलेल्या तोंडाकडे.

"थांबा मॅडम. साच्याला आंघोळ घातलीय. आमच्या हिनं. साबण लावून."

मॅडम खो खो हसत सुटल्या. जावयानं कपाळावर हात मारला.

सासऱ्यांनी स्वतः बर्नर घेऊन साचा चांगला खडखडीत होईतो शेकला. दुसरा सांधा तुकतुकीत निघाला. मॅडमनी घण घालायला लावला. सांधा ढिम्म हलला नाही.

"जाळं जावयांचं," त्या म्हणाल्या. "पण तपासणीच्या खड्ड्यांतले सांधे तुमचे. ते मोजणीसाठी उघडावे लागतात, तिथं बोल्टच हवेत."

"चला, पाना गंजायचा वाचला!"

संध्याकाळी दोघं घरी पोचतात तोच सासूबाईंनी दारातच साच्याकडे हात पुढे केला. "अगंबाई, पुन्हा काळा केलात? आणा इकडे."

"नको!" दोघंही एका दमात ओरडले. सासरे-जावयांचं एकमत झालं ते हे पहिलंच.