घंटांच्या आडून

आमचं अख्खं गाव सरकारने जुनं म्हणून जपायला घेतलंय. इथे मनगटाहून जाड खोडाच्या झाडाला हात लावायचा तर, मग ते स्वतःच्या बागेतलं का असेना, सहा आठवडे आधी काउन्सिलला कळवावं लागतं, नाहीतर जबर दंड. आमच्या अक्रोडाची एक फांदी रात्रभर माझ्या उशाशी खिडकी खरवडायची. मी रोज सकाळी कुरकुरायचे. माझा नवरा ऑल्बन, वय बहात्तर, हट्ट सात वर्षांच्या पोराचा. तो कळवायला तयार नव्हता.

"माझं झाड, माझी करवत. त्या लॉडरच्या नाकावर टिच्चून कापतो बघ."

अँब्रोज लॉडर म्हणजे गावातल्या झाडांचे स्वयंघोषित पालक. कुणी डहाळी मोडली तरी यांचा काउन्सिलला फोन. ऑल्बनने त्यावर तोड काढली. रविवारी प्रार्थनेआधी चर्चच्या घंटा वाजतात, तेवढ्यातच करवत चालवायची. त्या दणदणाटात कुणाला काय ऐकू जाणार? शिवाय लॉडर तेव्हा मनोऱ्यात असणार, कारण घंटा वाजवणाऱ्यांचे म्होरके तेच. आणि त्यांच्या शेजारचा दोर माझा.

त्या रविवारी दोर ओढता ओढता मी खिडकीतून आमच्या बागेकडे बघत होते. अक्रोड हलत होता. मग हलायचा थांबला. शिडी आडवी पडलेली दिसली, आणि ऑल्बन फांदीवर दोन्ही काखा टाकून लोंबकळताना. खाली कुंपणाचे लोखंडी भाले. त्याचं तोंड उघडं होतं. ओरडत असणार, पण आमच्याच घंटांपुढे मला काही ऐकू येईना.

दोर टाकून पळता येत नव्हतं. सुटलेला दोर चाबकासारखा फिरतो, शेजारच्याला फोडून काढतो. थांबायचं तर सगळ्यांनी, आणि तेही म्होरक्याने हाक दिल्यावर. म्हणजे लॉडरना सांगणं आलं. तशातही मला आधी दंडच आठवला, काय म्हणावं या डोक्याला!

"लॉडर, घंटा थांबवा!"

"मध्येच? हेस्टर, वेड लागलं का तुला?"

"ऑल्बन झाडाला लटकलाय! फांदी कापायला चढला होता!"

त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "न कळवता?"

"हो, न कळवता! थांबवा हो, मरेल तो!"

"थांबा!" लॉडर गरजले.

एकेक घंटा गप्प झाली, आणि त्या शांततेत साऱ्या गावाला ऐकू गेलं, "हेस्टर! अगं हेस्टर!"

मी जिना कशी उतरले, मला ठाऊक नाही. दुखऱ्या गुडघ्याचे लॉडर माझ्या पुढे धावत होते. ते कुंपणालगतच्या भिंतीवर चढले आणि ऑल्बनचे पाय त्यांनी आपल्या खांद्यांवर घेतले. मी शिडी उचलायला गेले, तर ती हातातून निसटून परत खाली पडली.

"सहा आठवडे," लॉडरना धाप लागली होती. "सहा आठवडे दम निघाला नाही तुला, गाढवा?"

"तिला झोप येत नव्हती रे," वरून ऑल्बन रडवेल्या आवाजात म्हणाला.

"उद्या काउन्सिलला फोन करणार म्हणजे करणारच मी."

"करा, दोनदा करा!" मी किंचाळले. "पण त्याचे पाय सोडू नका!"

"सोडतोय कुठे?" लॉडर खेकसले. दोन्ही हातांनी त्यांनी ऑल्बनचे घोटे आवळून धरले होते. "तू शिडी लाव आधी!"