मेल्या माणसाचा वाटा

त्यांच्या वाडीत एक रीत होती. बोटीवरचा माणूस बोटीवरच गेला, तरी त्या खेपेतला त्याचा खायचा वाटा घरी पोचवायचा. मालक कसाही असो, ही रीत मोडत नसे. मोडली तर पुढच्या खेपेला त्याच्या बोटीवर कोण चढणार? म्हणून बोटीचा मालक जितेंद्रने खेपेवर गेलेल्या धोंडू खलाशाचा देह घरी आणला, त्याच दिवशी खलाशांनी भरलेली मासळीची पिशवीही पाठवली. सुतकाच्या घरात चूल पेटत नव्हती. शेजारच्या फ्लाव्हियामावशीने पिशवी न उघडताच आपल्या फ्रीजरात ठेवून दिली.

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी सुतक सुटल्याचं तिखटाचं, म्हणजे मासळीचं जेवण, बोटीवरचे सगळे यायचे होते. धोंडूची मुलगी आनंदी कणकवलीच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. पण मासळी साफ करण्यात तिचा हात लहानपणापासून बसलेला होता. मागच्या पडवीत आडाळो, म्हणजे विळी, मांडून ती बसली. पिशवीत थोडी कोळंबी आणि तळाशी थाळीएवढी एक चपटी वागळी.

वागळी हातात आली की आधी शेपटीवरचा विषारी काटा चाचपायचा, ही वडिलांची शिकवण. बोटं आपोआप तिकडे गेली. काटा नव्हता. तुटल्याची खूणही नव्हती. शेपूट चाबकासारखी बारीक नसून जाड होती, वर बारक्या काट्यांच्या रांगा, आणि टोकाजवळ एकामागे एक दोन इवले पर. आनंदीचा हात थांबला. हे ती वर्गात फळ्यावर काढायची, प्रत्यक्ष कधी पाहिलं नव्हतं. ही वागळी नव्हेच. वागळी पिल्लं देते. ही अंडी घालते, चार शिंगं असलेल्या चिवट पिशवीत. पुस्तकात हिला स्केट म्हणतात. वाडीत हिला नाव नव्हतं, कारण वाडीच्या पाण्यात ती कधी आलीच नव्हती.

तिने फोटो काढून कोचीला सारिकाला पाठवले. सारिका तिच्याबरोबर कॉलेजात शिकलेली मैत्रीण, मासळीवरच संशोधन करणारी. उत्तर लगेच आलं. नेमकी जात ठरवायला दात आणि काटे मोजावे लागतील; पण स्केटच, आणि खोल पाण्यातली. आपल्या बाजूला दोनशे मीटरपेक्षा उथळ पाण्यात ही सहसा येत नाही. तुला कुठे मिळाली?

दोनशे मीटर. समुद्राचा तळ जिथे एकदम खाली उतरतो ती जागा. मालवणहून जायला सबंध रात्र.

धोंडूच्या हृदयात दोन स्प्रिंगा, म्हणजे स्टेंट, बसवलेल्या होत्या. डॉक्टरांनी खोल समुद्र बंद केला होता, आणि जितेंद्रने याच अंगणात उभं राहून शब्द दिला होता की काकांना किनाऱ्याच्याच कामाला नेईन. पुढे त्याच अंगणात त्याने धोंडूच्या बायकोला, काशीबाईला सांगितलं, की बंदर दिसत होतं, छातीत कळ आली आणि तासाभरात सगळं आटोपलं. त्रास झाला नाही. काशीबाई ते एक वाक्य धरून जगत होती. येईल त्याला सांगायची, त्रास नाय झालो त्यांका.

आईसमोर बोलायचं नाही, एवढं आनंदीने ठरवलं. जेवायला आलेला जितेंद्र विहिरीवर पाय धुवायला गेला, तशी ती मासा परातीत घेऊन मागे गेली.

"दादा, ही खंय गावली?"

"हयच. बंदराच्या भायर, रेवेत." तो हसला. "कॉलेजात शिकवतंस आणि वागळी वळखूक येणा नाय?"

"काटो खंय आसा हिचो?"

"काटो आमी बोटीरच तोडतंव. धोंडूकाकाचा चेडू तू, तुका म्हायत नाय?"

आनंदीने शेपूट उचलून त्याच्यासमोर धरली. मग ती त्याच्याशी मालवणी बोललीच नाही.

"इथे काहीही तोडलेलं नाही. ही दोनशे मीटर खाली राहते. तिथून घरी यायला रात्र जाते. वडिलांना कळ कुठे आली?"

जितेंद्र पायावर पाणी ओतत राहिला. पाय केव्हाच धुऊन झाले होते.

"जाळां खाली होतां," तो म्हणाला. "ता ओढल्याशिवाय बोट वळवूक येणा नाय."

"आणि ओढल्यावर?"

त्याने बादली पुन्हा विहिरीत सोडली.

"ओढल्यावर जाळं पुन्हा सोडलंत?"

"काकाच म्हणाले, आता बरां वाटता."

म्हणजे वडील बोटीच्या फळीवर आडवे पडले होते, आणि शेजारी ही मंडळी मासळी निवडत होती. परात विहिरीत फेकून द्यावी, नाहीतर याच्या तोंडावर, असं तिला वाटलं. तिने ती दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली. वळली तर मागच्या दारात काशीबाई तांब्या घेऊन उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

पंगत बसली. काशीबाईने स्वतः वाढायला घेतलं. सगळ्यांना भात, मग बाजारातून आणलेल्या बांगड्यांचं कालवण. जितेंद्रच्या पानाशी ती वाकली. कालवणाचा डाव भातावर आला, तिथेच राहिला.

"तासभर म्हणान सांगलंस माका," ती म्हणाली.

डाव टोपात परत गेला. ती पुढच्या पानाकडे सरकली. कोणीही भात कालवला नाही. कोरड्या भातासमोर जितेंद्र थोडा वेळ बसला, मग उठून, चपला हातात घेऊनच चालू लागला. त्याला थांब म्हणायला कोणी उठलं नाही.

मागच्या दारी फ्लाव्हियामावशी आली. मासळीची घाण माडाच्या आळ्यात जाते, म्हणून तिने परातीकडे हात केला.

"ही नको, मावशी." आनंदीने मासा पिशवीत घातला, शेपूट आत दुमडून गाठ मारली. "फ्रीजरात ठेव. उद्या माका ही घेवन पोलिसांकडे जावचा आसा."