कडूकंदाची घाई

जव्हार दरबारच्या जंगल खात्यातले गोवर्धनपंत हवापालटासाठी सूर्यमाळच्या चौकीत येऊन राहिले, तेव्हा पाणी भरायला आणि दळणकांडणाला बाई हवी होती. पाड्यातलं कुणी पुढे होईना. नवशी आपणहून गेली. पंतांची विधवा बहीण अनसूया सोबतीला आली होती. तिने नवशीचं नाव विचारलं, घरधन्याचं विचारलं नाही. पंतांनी तर मान वर करूनही पाहिलं नाही.

पाहिलं असतं तरी काय कळणार होतं? दोन उन्हाळ्यांमागे शिपायांनी नवशीच्या नवऱ्याला, माघ्याला, वेठीला धरून नेलं होतं. पंतांना मोखाड्याहून जव्हार गाठायची घाई होती. मेणा खांद्यावर घेऊन माणसं भर उन्हात पळत होती. ओहळाशी माघ्याने पाणी प्यायला थांबू का म्हणून विचारलं, तर थांबायचं नाही असा आतून हुकूम आला. पुढच्या चढणीवर तो कोसळला. त्याच्या जागी दुसरा खांदा लागला, मेणा निघून गेला. बरोबरच्या बुधाने हे सारं नवशीला सांगितलं, तेव्हा माघ्याचं प्रेत अंगणात होतं.

आता पंतांची झोप उडाली होती. छाती धडधडे, हात कापत, अन्नावर वासना नव्हती. आयुष्यभराची धावपळ सोडा, शेतकऱ्यासारखं सावकाश जगा, असं वैद्यबुवांनी बजावून त्यांना डोंगरावर धाडलं होतं. हा माणूस मरताना जवळून बघावा, एवढ्यासाठीच नवशी चौकीवर गेली होती.

पण पंत मरेनात. उलट सुधारू लागले. उजाडलं की जात्याच्या घरघरीने जागे होत, अंगणात उन्हाला पाठ देऊन बसत. नवशीने केलेली नागलीची आंबील घोट घोट पीत. मग तिच्यामागून झऱ्यापर्यंत हळूहळू चालत जात, दगडावर टेकून पाण्याकडे बघत राहत. दुपारी भाकरी चावून चावून खात आणि जांभळीखाली डुलकी घेत. गालांवर रंग चढला. एकदा तृप्त होऊन ते म्हणाले, “नवशे, असं निवांत बसण्यात एवढं सुख असतं, हे मला कुणी सांगितलंच नाही बघ.”

नवशीने कळशी उचलली आणि चालू लागली. उन्हाला पाठ देऊन माघ्याही असाच बसायचा. त्याचं बसणं हिरावून घेतलेला माणूस आता तेच सुख चाखत होता, आणि तिच्याच हातून.

दुसऱ्या दिवशी तिने रानातून कडूकंद खणून आणला. हा कंद विषारी. चकत्या करून राखेच्या पाण्यात उकडायच्या, टोपलीत घालून रात्रभर झऱ्याच्या धारेत ठेवायच्या, तेव्हा कुठे तो खाण्याजोगा होतो. नवशीने चकत्या नुसत्या उकडल्या आणि मीठ लावून पंतांपुढे ठेवल्या. अनसूयेची एकादशी होती, ती उपाशीच होती.

पंतांनी पहिला घास घेतला, तोंड वाकडं केलं. कडू आहे म्हणाले.

“रानातला हाय, कडूच असतो,” नवशी म्हणाली.

वैद्याचा काढाही कडूच की, असं म्हणून ते हसले आणि सवयीप्रमाणे सावकाश, चावून चावून सगळ्या चकत्या खाल्ल्या. थोड्या वेळाने घसा जळू लागला. पोटात मुरडा आला, डोळ्यांत पाणी उभं राहिलं. अनसूया आत देवापाशी होती. पंतांनी पाणी मागितलं. नवशी त्यांच्यासमोर उकिडवी बसली. तिच्या बोलीत अहोजाहो नव्हतं.

“पंत, या कंदाला रातभर वाहत्या पाण्यात ठेवावं लागतं. मी थांबले नाय. तुझ्या मेण्याखाली मेला तो माघ्या माझा घरवाला. त्याने पाणी मागितलं होतं.”

पंत तिच्याकडे बघत राहिले. मग ओकारी आली. ती ऐकून अनसूया धावत बाहेर आली. तिने भरलेला तांब्या नवशीने अडवला नाही. ती उठून पाड्याची वाट चालू लागली.

पंत जगले. शिपाई आज येतील, उद्या येतील म्हणून नवशी वाट बघत होती, पण कुणी आलं नाही. पंतांनी बहिणीलाही काही सांगितलं नव्हतं. लाजेने की भीतीने, ते कळायला मार्ग नव्हता. चालता येऊ लागताच ते जव्हारला परतले.

होळीच्या आधी बुधा जव्हारहून आला. त्याला बाजारात अनसूया भेटली होती. दादा आता कुणाच्या हातचं खात नाही, स्वतः पेज शिजवतो आणि तीही अर्धी टाकून देतो, पहाटे बाहेर येऊन बसतो आणि लगेच उठतो, असं ती रडत सांगत होती. कंदाचं नवशीने एकट्या बुधाला सांगितलं होतं. त्याने भीत भीत विचारलं, “नवशे, तुला वाईट वाटतं का?”

नवशी नागली पाखडत होती. तिने सुपातला कोंडा फुंकला.

“त्या बायचं वाटतं,” ती म्हणाली, आणि पुन्हा पाखडू लागली.