आत किती, बाहेर किती

“मोठ्यानं बोल गं! मला ऐकू आलं पाहिजे, भिंतीला ऐकू आलं पाहिजे, टेबलावर झोपलीय त्या बाईला ऐकू आलं पाहिजे!”

बावीस वर्षांपूर्वीचा आवाज. ऑपरेशन थिएटरच्या म्हाताऱ्या मेट्रनचा. तेव्हा सिस्टर नवी होती, आणि रक्त टिपायचे कापडी मॉप मोजताना ओठांतल्या ओठांत पुटपुटत होती. मेट्रनच्या रागालाही ताल असायचा. रागावून झालं की हात धुता धुता ती गुणगुणायची,

आत गेलं किती गं बाई, बाहेर आलं किती,
ओठांवर आण आकडा, पोटात राहते भीती.

आज दुपारी एकला ग्लव्हज चढवताना सिस्टरला तो आवाज आठवला. कपडे बदलायच्या खोलीत, सात नंबरच्या लॉकरमध्ये तिचा फोन होता. आणि त्या फोनमध्ये नवऱ्याची दोन बोटं होती.

नवरा कारखान्यात लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, चालवायचा. दोन वर्षांपूर्वी उजव्या हाताची दोन बोटं यंत्रात गेली. कारखान्यानं भरपाईचे चार लाख दिले. “तुझ्याजवळच राहू देत,” तो म्हणाला होता, “माझ्या हातातून हल्ली सगळं निसटतं.” आणि एकटाच हसला होता. त्या पैशांत त्याला स्वतःची लेथ घ्यायची होती, जुनी का होईना. विकणारा साडेपाच लाख सांगत होता. मधला दीड लाख आपण भरून काढावा, आणि एक दिवस पूर्ण रक्कम त्याच्यापुढे ठेवून त्याचं तोंड बघावं, एवढंच सिस्टरच्या मनात होतं.

फोनवर तिला शिकवणी सापडली. चलनबाजार, नवशिक्यांसाठी, सात दिवसांत. शिकवणाऱ्याचा आवाज साखरेच्या पाकासारखा. एका देशाचं चलन घ्यायचं, दुसऱ्याचं विकायचं, भाव सरकला की मधला फरक आपला. आधी सरावाचं खातं मिळालं. त्यात पैसे खोटे, भाव मात्र खरे. तिसऱ्या धड्यात त्यानं बजावलं होतं, की भाव इथवर पडला तर सौदा आपोआप बंद, अशी रेघ आधी आखून ठेवा. तिनं ती आखली, आणि दोनदा असं झालं की रेघेला टेकून तोटा पदरात पडला आणि तासाभरात भाव परत वर गेला. तिसऱ्यांदा तिनं रेघच आखली नाही. तीन दिवस वाट पाहिली. भाव वर आला, खोटे पैसे दुप्पट झाले. वाट पाहिली की परत येतं, हे ती तिथं शिकली.

मग खरे चार लाख घातले. पन्नासपट मोठा सौदा, म्हणजे नफा-तोटाही पन्नासपट. डॉलर घेतला, स्विस फ्रँक विकला. रेघ आखली नाही.

चार दिवस भाव उतरत होता. आज दुपारी दोनला तिकडची स्विस मध्यवर्ती बँक व्याजाचा दर सांगणार होती. पाऊण वाजता चारातले दीड गेलेले दिसले. ‘सौदा बंद करा’ या बटणावर तिचा अंगठा टेकला होता. आता सोडलं तर अडीच तरी हाती येतील.

तेवढ्यात थिएटरच्या मावशी दारात आल्या. “सिस्टर, चला. आतडं फुटलंय बाईचं, डॉक्टर हात धुतायत.”

अंगठा हवेतच राहिला. परत येईल, ती मनाशी म्हणाली, आणि लॉकरला कुलूप घातलं.

टेबलावरची बाई भाजी विकणारी होती. तळव्यांना मेथीचा हिरवा डाग अजून तसाच. भूल चढली, पोट उघडलं. सिस्टर मॉप देत होती, मावशी फळ्यावर पाच-पाचच्या रेघा ओढत होत्या. पाच. दहा. पंधरा. सिस्टरच्या ग्लव्हजच्या आत घाम साठला होता. बोटं पाण्यात उभी असल्यासारखी वाटत होती. समोर भिंतीवर घड्याळ. पावणेदोन. पाच कमी. एक मिनिट कमी.

“सिस्टर!”

“हं?”

“मॉप मागतोय केव्हाचा.”

तिनं दिला. दोन वाजले होते. बाहेर कुठल्याशा दूरच्या शहरात कुणीतरी एक वाक्य बोललं असेल, आणि इथं सात नंबरच्या लॉकरमध्ये फोन अंधारात एकदा थरथरला असेल. तिला ते ऐकू आल्यासारखं वाटलं. तिनं मांडी टेबलाच्या कडेला टेकवली आणि उभी राहिली.

पाऊण तासानं आतडं शिवून झालं. “चला, मोजा. बंद करू,” डॉक्टर म्हणाले.

मावशींनी रक्ताळलेले मॉप ओळीनं मांडले. सिस्टर मोजू लागली. सतरा. अठरा. एकोणीस.

फळ्यावर वीस होते.

“पुन्हा मोजा,” मावशी हळूच म्हणाल्या. त्यांनी बादली पालथी केली, टेबलाखाली वाकून पाहिलं. एकोणीस.

“मी आत बघितलंय, काही नाही,” डॉक्टर म्हणाले. “बीपी उतरतंय बाईचं. तुमची सुरुवातीची मोजणी चुकली असेल. आज लक्ष कुठंय तुमचं?”

सिस्टरनं फळ्याकडे पाहिलं. खरंच होतं, लक्ष नव्हतंच. चुकली असेल. आत्ता होय म्हटलं की टाके पडतील, दिवे विझतील, ती लॉकरकडे धावू शकेल. थांब, होईल सगळं नीट, असं आतून कुणीतरी साखरेच्या पाकासारख्या आवाजात सांगत होतं. तो आवाज तिनं ओळखला. चार दिवस ती त्याचंच ऐकत आली होती.

टेबलावरचा हिरवा तळवा उघडा पडला होता.

“वीस आत गेले, डॉक्टर,” ती पुटपुटली. मग भिंतीला ऐकू जाईल असं म्हणाली, “वीस आत गेले. एकोणीस बाहेर आले. एक आत आहे. मी सुई देणार नाही.”

भूल देणाऱ्या बाईंनी मान वर करून पाहिलं. डॉक्टरांनी हात पुन्हा आत घातला, डोळे मिटल्यासारखे करून चाचपलं, आणि यकृताच्या मागून, चिंब, गुंडाळलेला, काळपट लाल मॉप बाहेर काढला.

“वीस!” मावशी केवढ्यानं तरी ओरडल्या.

“अहो मावशी, पेशंट उठून बसेल,” डॉक्टर म्हणाले. मग सिस्टरकडे न बघता, “सुई द्या.”

तिनं सुई दिली.

सगळं आवरल्यावर लॉकर उघडून तिनं फोन काढला. पडद्यावर एक ओळ होती: ठेव संपत आल्यामुळे तुमचा सौदा आपोआप बंद करण्यात आला आहे. वेळ, दोन वाजून चार मिनिटं. खाली शिल्लक. ती तिनं वाचली. पुन्हा वाचली. मग बाकावर बसून राहिली. मावशींनी कपभर चहा आणून शेजारी ठेवला. “आज वाचवलंत हो बाईला,” त्या म्हणाल्या. चहावर साय धरली तरी तो तिथंच होता.

घरी पोचली तर पुढच्या खोलीतलं कपाट भिंतीला सरकवलेलं. नवरा गुडघ्यांवर बसून, तीन बोटांत खडू धरून फरशीवर लांब चौकोन आखत होता.

“ए, जपून! माझ्या लेथवर पाय देशील,” तो म्हणाला. “वळसा घालून ये.”

तिनं वळसा घातला.

“लेथच्या मालकाचा फोन आला होता. चारवर तयार झाला! म्हातारा म्हणे, तुझी बोटं बघून माझं मन पाघळलं. म्हटलं, बघा, गेलेली बोटंसुद्धा कामाला आली.” तो हसला. “उद्या सकाळी पैसे घेऊन बोलावलंय. तू रजा काढ अर्धी. तुझ्या हातानंच देऊ.”

ती चौकोनाच्या कडेला उभी होती. आत रिकामी फरशी, नुकतीच पुसलेली, अजून थोडी ओली. भाव परत येईल, पगारातून भरू, आज नको, उद्या सांगू... आवाज पुन्हा सुरू झाला.

“काय गं? चेहरा का असा? कुणी गेलं का टेबलावर?”

“नाही. ती जगली.”

“मग?”

तिनं पर्स खाली ठेवली. दोन्ही हात पुढे धरले, ग्लव्हज घातल्यावर धरतात तसे, कशालाही न लावता.

“चार लाख आत गेले,” ती म्हणाली, भिंतीला ऐकू जाईल असं. “बाहेर आले अकरा हजार. मी केलं. दोनदा मोजलंय.”