कंपनीतर्फे बेलभंडारा

स्नेहलची सकाळपासून नुसती धावपळ चालली होती. देशातल्या सर्वांत प्रामाणिक कंपनीचा मान तिच्या कंपनीला मिळायचा होता. पारखायला मुंबईहून परीक्षक बाई आल्या होत्या आणि गावाशी त्यांची गाठ घालून द्यायचं काम तिच्याकडे! नोकरी नुकतीच पर्मनंट झालेली. पोरगी हवेत होती म्हणा ना.

खंडोबाच्या देवळापुढे गाव जमला. मॅनेजर साहेबांनी पडद्यावर झाडं दाखवली, हसरी मुलं दाखवली. "आमच्या कारखान्यातून ओढ्यात थेंबभरही घाण जात नाही," ते म्हणाले. टाळ्या पडल्या.

मग बजरंग आबा उठले. गावातला तंटा त्यांच्याशिवाय मिटत नाही.

"साहेब, सिनेमा लय ग्वाड हाय. पन हितं खरं बोलनारा बेलभंडारा उचलतो. कंपनीकडनं कोन उचलतंय?"

आबांनी बेलाची पानं आणि हळदीचा भंडारा असलेलं ताट पुढे केलं. साहेबांना वाटलं, प्रसाद! चिमूटभर भंडारा कपाळाला लावून ते मोकळे झाले. गावात अशी खसखस पिकली की विचारू नका.

"लावायचा न्हाई, साहेब. मुठीत धरून बोलायचं. खोटं बोलला, तर देव घरादाराला सोडत न्हाई."

साहेबांचा हात झटकन खिशात गेला. "स्नेहल, तू गावचीच ना? कंपनीतर्फे तू उचल."

जोराचा पाऊस लागला की कारखान्याच्या सांडपाण्याची झडप ओढ्यात उघडतात, हे कंपनीत कुणाला ठाऊक नव्हतं? तीही गप्पच बसली होती. खरं बोलावं तर नोकरी जाणार, खोटं बोलावं तर समोर खंडोबा. पण बेलाचं पान आणि भंडारा मुठीत आला मात्र, भीती कुठल्या कुठे पळाली. तिला असा काही चेव चढला!

"पाऊस लागला की झडप उघडतात! सगळी घाण ओढ्यात जाते. मी बघितलंय!"

"तू कंपनीची आहेस की नाही?" साहेब कडाडले.

"आहे की! तुम्हीच म्हणालात ना, कंपनीतर्फे उचल?"

तेवढ्यात निळ्या शर्टातला पवन गर्दी रेटत पुढे आला. झडपेवर ड्युटी त्याचीच. त्याने आबांपुढे तळहात पसरला.

"आबा, मलाबी द्या. झडप मीच उघडतो."

त्याच्यामागे पॅकिंगच्या बाया आल्या, आणि बायांच्या मागे खुद्द साहेबांचा ड्रायव्हर. स्नेहलला हसू आवरेना, रडूही.

परीक्षक बाई साहेबांकडे वळल्या. "माणसं मात्र प्रामाणिक आहेत हो तुमची."