तोमाच्या गाडीची अडलेली सीट

अल्बेनियातल्या श्कोदरजवळच्या त्या गावात सकाळपासून ढोल वाजत होता आणि प्रेंगचं अर्धं धड गाडीच्या बाहेर लोंबत होतं. आत शिरायला जागाच नव्हती. ड्रायव्हरची सीट पार पुढे, स्टिअरिंगला नाक लावून बसलेली. आणि प्रेंग म्हणजे प्रत्येक दारात वाकून शिरणारा माणूस.

गाडी त्याच्या वारलेल्या थोरल्या भावाची, तोमाची. जर्मन, म्हातारी, पण सीटसुद्धा बटणावर हलणारी. जाताना तोमा एवढंच म्हणाला होता की माझ्या मुलाची, पाश्कची, बायको माझ्या गाडीतून घरी येऊ दे. प्रेंगने शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द फिरवणाऱ्याच्या हातचा राकीचा पेला आमच्या डोंगरात कुणी पीत नाही.

आज पाश्कचं लग्न. चर्चची दुपारची घंटा व्हायच्या आत वऱ्हाड नवरीच्या गावाला निघायला हवं. ही वेळ हलत नाही. घरात मयत पडलं तरी त्यावर चादर घालून वऱ्हाड निघतं, मग एका सीटसाठी कोण खोळंबणार?

तोमामागे गाडी त्याची बायको चालवायची, नाव तिचं द्राने; चीज घेऊन बाजाराला जायची. बाई ठेंगणी, म्हणून सीट तिच्या मापाला पुढे. काल दुपारपर्यंत बटण दाबलं की ती मुकाट्याने मागेपुढे होत होती.

चुलतभाऊ झेफ गॅरेजवाला. त्याने आधी फ्यूज पाहिला, तो शाबूत. सीटखालचा प्लग काढून, पुसून पुन्हा बसवला. बटण दाबलं तशी मोटर घुरघुरली, सीटची डावी बाजू बोटभर मागे सरकली आणि उजवी जागची हलली नाही. सीट तिरकी होऊन बसली.

"वीज पोचतेय," झेफ म्हणाला. "रुळात काहीतरी अडकलंय."

सीट उचकटून काढावी, तर पुढचे बोल्ट तिच्याच पोटाखाली दडलेले. प्रेंग फाटकापर्यंत जायचा, परत यायचा, एक सिगारेट विझायच्या आत दुसरी पेटवायचा. पाहुण्यांनी सल्ले द्यायला सुरुवात केली होती. कुणी म्हणालं, माझी नवी गाडी घ्या. कुणी म्हणालं, तिच्या काचेवर तोमाचा फोटो लावा, म्हणजे झालं. प्रेंगने त्याच्याकडे असं पाहिलं की तो कॉफी संपवून आत गेला.

झेफ पालथा पडून विजेरीने रुळात बघत होता. मग तो हसला. रुळाच्या दात्यांत साखरेत घोळलेला एक बदाम रुतला होता आणि भोवती तांदूळ चिकटले होते.

प्रेंगचा चेहरा उतरला. काल संध्याकाळी गाडी सजवली तेव्हा बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्यावर तांदूळ आणि बदाम उधळले होते. सगळं टपावरून खाली सांडलं. तेव्हा राकी चढलेल्या प्रेंगनेच, आतही शुभ हवं म्हणून, उघड्या खिडकीतून मूठभर भिरकावलं होतं.

"तुझं शुभ अगदी दातात जाऊन बसलंय, दादा," झेफ म्हणाला. "जरा थांब. गरम पाणी सोडतो, साखर विरघळेल."

थांबणं प्रेंगच्या हातात नव्हतं. त्याने पेचकस हिसकावला आणि बदामाखाली घालून जोर केला. बदाम फुटला. त्याच्यामागून आणखी काहीतरी फुटलं. बटण दाबल्यावर आता मोटर शीळ घातल्यासारखी मोकळी फिरू लागली आणि सीट ढिम्म. मोटर आणि रूळ जोडणारी प्लॅस्टिकची चकती गेली होती. झेफने सीट दोन्ही हातांनी हलवून पाहिली. कातळासारखी घट्ट होती.

"बसणाऱ्याला धोका नाही," तो म्हणाला. "फक्त बसणारा बुटका हवा."

प्रेंग पायरीवर मटकन बसला. द्राने इतका वेळ कॉफीचा ट्रे घेऊन उभी होती. तिने तो खाली ठेवला आणि एप्रन सोडला.

"किल्ली द्या, भावजी."

"वहिनी, नवऱ्या मुलाची आई वऱ्हाडात जात नाही. ती दारात थांबते, सुनेच्या बोटांना मध लावते. लोक काय म्हणतील?"

"लोक मागच्या गाड्यांत बसणार. त्यांना माझी पाठच दिसेल."

"आणि तिकडच्या लोकांना?"

"तिकडे मी उतरत नाही. तुम्ही उतरा, मान तुमचा." ती सीटवर बसून आरसा वळवत होती. "शब्द तुम्ही दिलात. मीही त्याच खाटेशी उभी होते."

प्रेंगने किल्ली दिली आणि गुडघे छातीशी घेऊन शेजारी बसला. घंटा झाली तेव्हा गाडी फाटकाबाहेर होती.

आल्या वाटेने नवरी आणायची नसते, म्हणून परत येताना नदीकडचा खडबडीत रस्ता धरला. मागे नवरी ओढणीआड बसलेली. द्राने खड्डे चुकवत होती. प्रेंग दर वळणाला मागे बघायचा, वऱ्हाडाच्या आनंदात उडणारे बंदुकीचे बार कुठून निघतात ते ऐकायचा आणि पुन्हा पुढे बघायचा.

अंगणात सगळे सासूला शोधत होते. गाडी थांबताच प्रेंग उडी मारून उतरला. नवरीचं दार उघडायला दोन पोरी धावल्या, त्यांना त्याने हाताने अडवलं आणि गाडीला वळसा घालून आधी वहिनीचं दार उघडलं.

द्राने घाघरा सावरत पायऱ्यांकडे पळाली. ती उंबऱ्यावर पोचून, दम खात, मधाची वाटी हातात घेईपर्यंत प्रेंग नवरीच्या दाराला पाठ लावून उभा राहिला आणि तोमाची सून तोमाच्या गाडीत बसून राहिली.