बहिरूचं कडवं

टाळ्या सुरू झाल्या आणि अंबूबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाणं संपलंच नव्हतं, आणि ही माणसं खुशाल टाळ्या पिटत होती!

त्यांची भीमगीतांची पहिली कॅसेट निघाली तेव्हा वस्तीबाहेर तिला काळं कुत्रंही विचारत नव्हतं. आता मुंबईच्या एका कंपनीने ती हुडकून काढली, मोठ्या काळ्या तबकडीवर पुन्हा छापली आणि नाशिकरोडच्या हॉलमध्ये थाटाने सोहळा मांडला. अंबूबाई एका दिवसात 'विस्मृतीत गेलेला महान आवाज' झाल्या. इतकी वर्षं कुठे गेला होतात, असं विचारावंसं वाटलं होतं. पण कुणाला नको असतं कौतुक? त्या नवं लुगडं नेसून आल्या.

भीमगीताची एक रीत आहे. शेवटच्या कडव्यात कवीचं नाव येतं. वेष्टनावर छापा नाहीतर नका छापू, गाणाऱ्याला ते घ्यावंच लागतं. ही गाणी बहिरूची होती. मनमाडला रेल्वेत खलाशी होता तो, कॅसेट यायच्या आधीच गेला. त्याची लेक साधना तेव्हा पाळण्यात होती. आई होती तोवर तिने ती गाणी घरात लावू दिली नाहीत, तिला सोसायची नाहीत. म्हणून अंबूबाईंनीच साधनाला नांदगावहून बोलावलं होतं, "ये, बापाचं नाव ऐकायला ये."

आणि आत्ता वाजवलेल्या तबकडीवर नेमकं तेच कडवं गायब. पहिल्या रांगेत साधनाही टाळ्या वाजवत होती. बिचारीला काय ठाऊक!

कंपनीचे राजसाहेब माईकवर म्हणाले, "स्वतः लिहून स्वतः गाणाऱ्या अंबूताई!"

"मी नाय लिहिलं," अंबूबाई उठल्या. "शेवटचं कडवं कुठंय?"

राजसाहेब जवळ येऊन हळूच म्हणाले, "ताई, प्रत्येक गाण्यात शेवटी तेच नाव येत होतं. आजच्या श्रोत्यांना कंटाळवाणं होतं, म्हणून त्या कडव्याआधीच आवाज बारीक करत नेऊन गाणं संपवलं. पण तुमचं नाव केवढं मोठं छापलंय, बघा तरी."

"माझं नाव मोठं करायला मेलेल्या माणसाचं कापलंत? लाज नाय वाटत? आग लावा त्या तबकडीला!"

"ताई, लोक बघतायत."

"बघू द्या की!"

त्यांनी माईक ओढून घेतला. आवाज पार फाटला होता, वरचा सूर तर लागतच नव्हता. तरी त्या गायल्या, डोळे साधनावर रोखून:

"बहिरू सांगे मनमाडवाला,
लेक माझी ही धाडा शाळेला."

ओळ संपली तसा त्यांनी राजसाहेबांचा दंड धरला. "कोरस कोण देणार? तुम्ही कापलंय, तुम्हीच द्या."

राजसाहेब कसेबसे पुटपुटले. मागच्या रांगांतल्या म्हाताऱ्यांना मात्र सगळं पाठ होतं, त्यांनी हॉल दणाणून सोडला.

साधनाचे हात मांडीवर पडले होते. नांदगावच्या शाळेतली ती शिक्षिका लहान मुलीसारखी ओठ चावत उभी राहिली.

"मावशी," ती म्हणाली, "ती लेक म्हणजे मी का?"